मागची जागा

प्रिय सिर्का,

नदी यंदा मे महिन्यातच बर्फातून मोकळी झाली. तुझी आई बरी आहे. काळी भाकरी करपवते आणि दोष भट्टीला देते. बातमी म्हणशील तर एकच. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी होडीत पुढे बसलो.

हसू नकोस. पाहुण्यांना नदी फिरवायच्या आपल्या धंद्यात एका फुटक्या होडीच्या बारा झाल्या त्या माझ्या कानांच्या जोरावर, हे ऐकून तुझेच कान किटले असतील. वळणापलीकडचा खळाळ मला किलोमीटरभर आधी ऐकू यायचा. म्हणून मागे बसून होडी वळवायचा मान माझा. मंगळवारी आई आणि मी, पाहुणे यायच्या आधी नदी बघून यावी म्हणून निघालो. अस्वलखडकाच्या अलीकडे ती पुढून ओरडली, "टाउनो, काठाला घे!" मी म्हटलं, "लांब आहे गं अजून." "लांब? कान काय खुंटीला टांगून आलास?" तेवढ्यात फेसाळ पाणी समोर. कशीबशी होडी काठच्या बर्च झाडाच्या मुळांना लावली. आई वळून बघत राहिली. "कधीपासून?" हिवाळ्यापासून, म्हटलं. "आणि मला सांगणार कधी होतास, बुडाल्यावर?"

होडी काठानं उचलून नेली आणि खालच्या संथ पाण्यात आईच मागे जाऊन बसली.

सिर्का, मी ही नदी कधी पाहिलीच नव्हती गं! इतकी वर्षं कुणाच्या तरी पाठीआडून पाहिली. पुढे कुणी नाही, नुसतं काळं पाणी, त्यात उलटं रान, आणि आपण झाडांच्या शेंड्यांवरून सरकतोय. एल्क हरणाची मादी पिल्लाला घेऊन पोहत आडवी गेली, दोन वल्ह्यांच्या अंतरावरून. तिचा श्वास दिसला, ऐकू आला नाही. मी टोपी काढली. का, ते मलाही माहीत नाही.

एकोणिसाव्या वर्षी तू मागची जागा मागितलीस, तेव्हा मी पाहुण्यांदेखत म्हणालो, "आधी ऐकायला शीक, पोरी." तू वल्हं ठेवलंस आणि हेलसिंकी गाठलंस. खरं सांगतो, त्या दिवशी खळाळ तू माझ्याआधी ऐकला होतास. तुझी मान वळताना मी पाहिली होती. चौदा जूनला आठ पाहुणे येतायत. त्यांना 'येऊ नका' असं कळवणार होतो. आई म्हणाली, आधी तिला विचार. येशील? मागची जागा तुझी. मी पुढे बसेन, तू सांगशील तसं वल्हवीन. फक्त जरा मोठ्यानं सांग.

तुझाच,
बाबा