जाळ्याचं दुसरं टोक

२० डिसेंबर

नाही! नाही म्हणजे नाही!

हेलसिंकीहून थोरल्या भावाचा, वेसाचा फोन. गिऱ्हाईक मिळालंय म्हणे — होडी, जाळी, सगळं घेणारं. "नाताळ झाला की येऊन घेऊन जाईल, इर्या. बाबांनी फक्त हो म्हणायचं." आणि मी? मी काय भिंतीवरची खुंटी आहे? बाबांचा उजवा हात गेला तेव्हापासून बर्फाखालची जाळी मीच ओढते आहे. दादासाहेब कुठे होते तेव्हा? पण जाळी बाबांची. विकायची की ठेवायची, ते त्यांनीच ठरवायचं.

जेवताना विचारलं. बाबा खिडकीतून तळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बर्फातल्या जाळ्याला दोन माणसं लागतात. तुझं दुसरं माणूस कुठाय?"

मी बटाटे चावत बसले.

२१ डिसेंबर

उणे चोवीस. तळ्यावर गेले, आले. दहाही बोटं जागेवर आहेत.

२३ डिसेंबर

आज थंडीने कहर केला. पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. तरी गेले. जायचंच होतं — आज वेसा येणार, आणि ताज्या सीका माशाशिवाय आमच्या टेबलावर नाताळ झालेला नाही.

बर्फातली दोन्ही भोकं पुन्हा गोठलेली. पहारीने फोडली. जाळं वर काढणं सोपं. जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला लांब दोर बांधलेला असतो, जाळं निघालं की त्याच्या जागी तो बर्फाखाली पसरतो. पुन्हा पसरायचं म्हणजे हाल. एकाने इथून जाळं सोडायचं, दुसऱ्याने पलीकडच्या भोकातून दोर ओढायचा. मी एकटी. इथे थोडं सोडते, पळत तिथे जाऊन ओढते, इथे जाळं अडकतं, पुन्हा पळत मागे. बाबा खिडकीत दुर्बीण लावून बसलेले. बघा! खुशाल बघा! शेवटी पसरलंच की. भोकांपाशी सूचिपर्णी झाडाच्या फांद्या रोवल्या, म्हणजे कुणाचा पाय जायला नको.

घरी आले तर वेसाची गाडी दारात. त्याची बायको कैसू चुलीपाशी सलगम ठेचत होती. माझे हात बघून तिने चटकन कॉफीचा कप पुढे केला. बाई चांगली आहे. नवरा मात्र अक्कल शिकवायला टपलेला.

"एकटी जातेस? उद्या आत पडलीस तर काढणार कोण?"

"तू तर नाहीच. तुझे बूट खराब होतील."

कैसू फिस्सकन हसली. वेसा हसला नाही. "आईला पुरून अजून चार वर्षं झाली नाहीत," म्हणाला. "बाबांना अजून एक पुरायला लावू नकोस."

हे बरोबर नाही. आईला मध्ये आणणं बरोबर नाही. मला रडू आलं, मग राग आला की रडू आलं. "जाळी मी ओढणार," मी ओरडले, "तुझ्या गिऱ्हाइकाला सांग, दुसरं तळं बघ!" बाबा भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यांची गुळणी सुटेल तेव्हा खरी.

मग सगळ्यांनी मिळून आल्याची बिस्किटं केली. भांडण पोटात, पीठ हातात. मासे मात्र दोन वेळा मागून खाल्ले वेसाने.

२४ डिसेंबर

पहार गायब!

सकाळी उठून सगळीकडे शोधली. आज दुपारी बारापर्यंत जाळं काढायचं होतं. बाराच्या घंटा झाल्या की नाताळची शांतता, मग कुणी कामाला हात लावत नाही. शेवटी वेसाकडे बघितलं. तो लगेच आपले बूट पुसायला लागला. कळलं!

"आज एक दिवस तरी घरात बस," म्हणाला. "तुझ्या भल्यासाठीच लपवली."

"आणि जाळ्यातले मासे? ते कुजतील ते कुणाच्या भल्यासाठी?"

भांडता भांडता घंटा झाल्या. झालं.

आईच्या थडग्यावर मेणबत्त्या लावल्या. बाबांना घसरगाडीवर बसवून वेसाने ढकललं. मग सावनाच्या गरम खोलीत वाफ घेतली. निघताना शेवटची वाफ आणि बादलीभर पाणी गेलेल्या माणसांसाठी ठेवलं, आई ठेवायची तसं. तांदळाच्या खिरीतला बदाम माझ्या वाटीत आला. नशीब उजळणार म्हणे. कैसूने टाळ्या वाजवल्या. मी बदाम कचकन चावला आणि सांगून टाकलं, "उद्या मी जाळं काढणार. कुऱ्हाड तर आहे ना!"

वेसाच्या हातातला चमचा पडला. बाबा माझ्याकडे वळले. "नाताळच्या दिवशी या घरातलं कुणी तळ्यावर गेलेलं नाही. माझा बाप लढाईच्या दिवसांतही गेला नाही."

"मग मी पहिली," मी म्हटलं.

२५ डिसेंबर

उजाडलं तशी कुऱ्हाड घेऊन निघाले. अंगणातून तळ्यावर घसरगाडीच्या ताज्या खुणा. पळतच सुटले.

पलीकडच्या भोकापाशी बाबा. एकटेच गाडी रेटत आलेले, आता तिच्यावर बसलेले, मिशा बर्फाने पांढऱ्या, मांडीवर पहार. सरपणाखालून काढली म्हणे, वेसा लहानपणापासून तिथेच लपवतो. भोक फोडलेलं — वेडंवाकडं, डाव्या हाताने. मी तोंड उघडलं, तर म्हणाले, "तिकडे जा. तुझं भोक तू फोड."

फोडलं. जाळं काढलं, मासे सोडवले. आता गुंडाळून घरी न्यायचं, की पुन्हा पसरायचं? जाळं हातात घेऊन तशीच उभी राहिले.

पलीकडून दोराला हिसका बसला.

"सोड की, गाढवे! मी इथे किती वेळ ताटकळू?"