मागच्या सीटवरचं बोलणं

रविवार, नांदेड

आज नायगावहून येताना पुन्हा यांच्या मागं बसले. आधी स्कूटी मीच चालवायची. हे मागं बसून माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवायचे आणि घर येईपर्यंत बोलत राहायचे. शाळेतलं, आईचं, कशाच्या भीतीनं झोप लागत नाही तेसुद्धा. दिवाळीत यांचे मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "बायकोच्या मागं बसून आलास व्हय रे?" सगळे हसले. हेही हसले. तेव्हापासून चावी यांच्याच खिशात. गाडी चांगली चालवतात, तक्रार तरी काय करू? पण बोलत नाहीत. नुसती पाठ दिसते. आज मीच यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवली, तर म्हणाले, "नीट बस, लोकं बघून राहिले."

नीट बसले. खांदा मात्र माझाच रिकामा वाटत राहिला, घर येईपर्यंत.