कमरेला कोणतं लावू

ॲबिलीन, ९ जून

प्रिय ओलिटा आत्या,

सा. न., आणि या वेळी वि. वि. जरा जास्तच.

पत्र बघून दचकू नकोस. माझ्या फोनचं खातं अजून ट्रॉयच्या नावावर आहे. नवरा सुटला, फोन सुटेना. मी कुणाशी बोलते हे त्याला कळतं असा मला संशय आहे, म्हणून कागद.

कोर्टानं त्याला माझ्यापासून लांब राहायला सांगितलंय. राहतो की! रस्त्याच्या पलीकडे. ट्रकमध्ये बसून बर्गर खातो, पोलिसांना फोन केला की ते यायच्या आत निघून जातो. परवा माझ्या पेशंट मिसेस होलब्रुकच्या घरी त्यांच्या गुडघ्यांचा व्यायाम घेऊन बाहेर पडले तर त्यांच्या दारासमोरही तोच ट्रक. मी कुणाच्या घरी कधी जाते हे त्याला कसं कळतं? विचार करून करून डोकं भणभणतं.

म्हणून पिस्तूल घेतेय. तू आयुष्य तुरुंगात काढलंस (नोकरीला गं, नोकरीला), तुला न विचारता घेतलं तर बाबा वरून ओरडतील. दुकानदारानं दोन काढून ठेवली. एक बारकं, तळहातात मावेल असं, खिशात गेलं की गेलंच. दुसरं थोडं जाड, थोडं जड, गोळ्या जास्त बसतात. त्यानं पहिलंच माझ्या हातात दिलं. बायका हेच नेतात म्हणाला. आणि मी तर दिवसभर दवाखान्यातली नाडीची विजार घालते. मोठं कमरेला अडकवून पाहिलं तर कुशीत गळू आल्यासारखं दिसलं आणि विजार खाली यायला लागली. दुकानदार मान वळवून हसला.

कोणतं घेऊ? लवकर सांग.

माया आहे तेवढीच दाट असू दे.

तुझी डार्ला


अल्पाइन, १४ जून

चि. डार्ला हिस अ. उ. आ., आणि एक टपली.

त्या दुकानदाराला माझ्याकडे पाठव. बाई दिसली की बारकं खेळणं पुढे करायचं, ही यांची जुनी खोड. अगं, बारकं लपवायला सोपं आणि चालवायला महाकठीण. हलकं असतं म्हणून हातात गाढवासारखं उसळतं. दोन गोळ्या झाडल्यास की तिसरी झाडावीशी वाटणार नाही, मग सराव नाही, आणि सराव नाही तर ते पिस्तूल नव्हे, पेपरवेट.

मोठं घे. आधी नेमबाजीच्या रेंजवर जा, दोन्ही भाड्यानं मिळतात, दोन्ही चालव. जाड पट्टा घे. म्यान असं घे की चाप पूर्ण झाकला जाईल. पर्समध्ये अजिबात नको, पर्स पहिली हिसकावतात. आणि विजार बदल गं बाई! विजारीसाठी पिस्तूल बदलतात का कुणी?

इकडे येऊन राहा म्हटलं की तू हवापाण्याचं बोलायला लागतेस. ट्रॉयनं लग्नात केकचा पहिला तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, तेव्हाच मी तुझ्या बाबांना कोपर मारलं होतं. त्यांना वाटलं मला केक हवाय.

ओरडते म्हणून रुसू नये.

आत्या


ॲबिलीन, २८ जून

प्रिय आत्या,

सा. न. वाकून, कारण तू मारणार आहेस.

बारकंच घेतलं. रेंजवर गेले नाही. दुकानातून निघाले तर पुन्हा तो ट्रक दिसला, मग धीरच राहिला नाही. चिमट्याचं म्यान नाडीला अडकवलं आणि कामाला लागले. पण सुख नाही गं. चर्चमध्ये आपल्याकडे मिठी मारल्याशिवाय कुणी कुणाला सोडतं का? सगळ्यांचे हात बरोबर कमरेवर येतात. मी दोन रविवार नुसता हात पुढे करतेय. बायकांनी ताप आहे का विचारलं. पाद्रीबाबा तर मी दुसऱ्या चर्चात जायला लागले की काय म्हणाले.

आता खरं सांगते. बुधवारी डोटीच्या खानावळीत जेवले. तिथे बाथरूमला गेले. नाडी सोडायची तर म्यान आधी काढावं लागतं. काढलं, कागदाच्या डब्यावर ठेवलं, आणि तसंच ठेवून आले. बिल दिलं, डोटीकडे आलं की ॲपल पाय खायचाच म्हणून तोही खाल्ला, गाडीत बसले. बऱ्याच लांब आल्यावर आरशात ट्रॉयचा ट्रक दिसला, अगदी मागे चिकटून. हात कमरेला गेला. कमरेला नाडी.

आत्या, तेव्हा माझं जे झालं ते लिहिता येत नाही. घरी जायचं नाही एवढंच सुचलं. हॉर्नवर तळवा दाबून धरला आणि थेट आगीच्या बंबांच्या ठाण्यात गाडी घातली. आतली माणसं हातात काटे-चमचे घेऊन बाहेर आली. ट्रॉय फाटकापर्यंत आला आणि त्यांच्या कॅमेऱ्यात दिसला. संध्याकाळी पोलिसांनी त्याला उचललं. १८ जुलैला सुनावणी. मला त्याच्याविरुद्ध बोलायचंय.

पिस्तूल डोटीनं उचलून धुवायच्या ॲप्रनांखाली ठेवलं होतं. मी रडायला लागले तर म्हणाली उगी बाई, मागे शेरीफचा माणूसही असंच विसरून गेला होता, परत आला तेव्हा समजूत घालायला त्याला ॲपल पाय तरी दिला, तू तर तो आधीच खाऊन गेलीस.

माझ्यानंतर तिथे कुणाची लेक गेली असती तर? तेच डोक्यात फिरतं.

रागावलीस तरी लिही.

डार्ला


अल्पाइन, २ जुलै

चि. डार्ला हिस आ. फक्त, उ. नाही.

तुझं पत्र वाचून मी अंगणात तीन फेऱ्या मारल्या, गुडघे दुखत असताना. बावळट. बाथरूममध्ये पिस्तूल कमरेवरून काढायचंच नाही, पट्ट्यासकट खाली येऊ द्यायचं, डोळ्यासमोर. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं, पण मला वाटलं माझी भाची शहाणी आहे.

बंबवाल्यांकडे गेलीस ते मात्र झकास केलंस. हे मी नोकरीतल्या पोरींना शिकवायचे आणि त्या ऐकायच्या नाहीत.

आता रेंजवर जा.

आत्या


ॲबिलीन, ९ जुलै

प्रिय आत्या,

सा. न., पट्टा बांधून.

गेले. बारक्यानं अंगठ्याचं मूळ सोलून निघालं आणि समोरचा कागद कोरा. मोठ्यानं सगळ्या गोळ्या जेवायच्या ताटाएवढ्या जागेत. बारकं परत देऊन मोठं घेतलं. पट्ट्याची पँट घेतली. सैल शर्ट घातला की दिसत नाही. तू बरोबर होतीस, लिहून देते, चौकट करून लाव.

पण झोप नाही. काल कोर्टात फोन केला, आत काय आणता येतं विचारायला. तिथली बाई म्हणाली, शस्त्र काहीच नाही, दारातच तपासतात. तो पलीकडच्याच टेबलाशी बसणार आहे. त्याच्याकडे बघून मला सगळं सांगायचंय. महिनाभर हे की ते करत बसले, आणि ज्या एका खोलीत तो नक्की असणार, तिथे दोन्ही चालत नाहीत.

माझी जीभ टाळूला चिकटेल आणि तो सुटेल, आत्या. तू शेजारी बसशील?

डार्ला


अल्पाइन, १२ जुलै

चि. डार्ला हिस आ. आणि उ. दोन्ही,

१७ ला येते. पीचच्या लोणच्याची बरणी आणतेय, पिस्तूल नाही. नोकरी सोडल्यापासून पहिल्यांदाच पिस्तुलाशिवाय घराबाहेर पडतेय. सवय व्हावी म्हणून आजच रिकाम्या कमरेनं बाजारात जाऊन आले. सारखी मागे वळून बघत होते, वाण्यानं मान धरलीय का विचारलं.

तुझ्या आणि त्याच्या मध्ये मी बसेन. मी रुंद आहे, माझ्या पलीकडचं त्याला काही दिसायचं नाही. तू जजकडे बघ आणि बोलायला लाग.

आत्या