पालथा ठेवलेला दगड

सगळ्यात आधी आली ती पुरातत्त्व खात्याची खुरपीवाली बाई. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, "आजी, तुमच्या नदीकाठच्या तुकड्यात खणू का?" म्हटलं, "खण की, सोनं निघालं तर निम्मं माझं!" पण वकील म्हणतात, मृत्युपत्र आहे, आधी रीतसर लिहा. तर मी, खाली सही करणारी (अंगठा नाही, सही), डोकं ठिकाणावर ठेवून, राजीखुशीने लिहिते. माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्मायचाय.

१. राहतं घर मुलाला. त्याने छपराची गळती काढावी. "बघतो, बघतो" म्हणता म्हणता त्याचे केस पिकले.

२. शिलाई मशीन सुनेला. तोंडाने फटकळ, पण माझं दुखणंखुपणं तिनेच काढलं.

३. नदीकाठचा तुकडा मुलाला नाही. तिथली माती वीटभट्टीला द्यायचं त्याने परस्पर ठरवलंय, ते मला कळलंय.

तिथे बाईला चुली सापडल्या. एकीवर एक, मध्ये गाळ. हजारो वर्षांपूर्वी माणसं म्हणे दर उन्हाळ्यात मासे धरायला यायची, पाणी चढलं की जायची, परत येऊन त्याच जागी चूल मांडायची. सगळ्यात वरच्या चुलीशी वाटायचा दगड निघाला, पालथा.

"पडला असेल गं," मी म्हटलं.

"नाही आजी, नीट ठेवलाय. वाटायची बाजू खाली, खराब होऊ नये म्हणून. परत यायचं होतं ना."

"मग आली?"

ती ब्रशने माती झाडत राहिली. "त्याच्यावर नुसता गाळच आहे, आजी."

मी घरी येऊन फळीकडे बघत बसले. माझी लेक बाळंतपणाला दवाखान्यात निघाली तेव्हा आपला कप विसळून तिथे पालथा घालून गेली. "आई, याला हात लावू नकोस हं, आल्यावर यातच चहा पिणार." नात घरी आली. ती नाही आली.

म्हणून तो तुकडा नातीला. तिने तिथली माती कोणाला काढू देऊ नये, बाईचं खणणं पुरं होऊ द्यावं.

४. कपही नातीलाच. अगदी आईसारखी हसते, गुलाम! बाळा, कप तू सरळ कर आणि चहा पी. माझ्या देखत प्यायलीस तर काय हवं मला!

साक्षीदार: पोस्टमन (सही), शेजारची नर्स (सही).
ठिकाण: माझं स्वयंपाकघर. दिनांक ४ जून.

ता. क. पाऊस तोंडावर आला म्हणून खड्ड्यावर ताडपत्री घालून बाई आणि तिची मंडळी काल गेली. जाताना बाईने आपलं घमेलं धुऊन माझ्या ओसरीवर पालथं घातलं. मी हात लावलेला नाही. पाणी उतरलं की पहिल्या सोमवारी येते म्हणालीय.