सहावीतल्या त्या मुलीला माझं घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. डॉक्टरांनी परवा माझी बुद्धी तपासली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी थेट दोनपर्यंत उतरले, डॉक्टरच मध्ये चुकले. तेव्हा माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये. सगळे काही शाळेला देणारे माझे आधीचे मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे.

शाळेत मी ‘जग आणि आपण’ नावाचा तास घेत असे. पाणी कुठून येते, कचरा कुठे जातो, आपण वापरतो त्या वस्तू कोणाच्या हातून होतात आणि आपण त्या माणसांचे काय लागतो, हे शिकवायचे. मुलं माझ्यामागे मला जगबाई म्हणायची. मला ते आवडायचं, पण तसं मी कधी दाखवलं नाही.

१. पृथ्वीचा गोल भाच्याच्या मुलीला द्यावा. एका महासागराला पोचा आला आहे, त्याला माझा इलाज नाही.

२. भाजीच्या सालींचे खत करायचे दोन डबे आणि सायकल शेजारणीला. बाई गं, त्यात प्लास्टिक टाकू नकोस. वीस वर्षं सांगते आहे, आता निदान मेलेल्या माणसाचं तरी ऐक.

३. माझ्या वेळच्या मुख्याध्यापकांनी दिलेले सन्मानचिन्ह त्यांना परत करावे. पर्यावरणाच्या कामाचा सन्मान, आणि तो प्लास्टिकच्या फुलांत गुंडाळून! मी ती फुलं तीस वर्षं टाकू शकले नाही, कारण ती कुजत नाहीत. चिन्ह परत का करते आहे, ते पुढे पाचव्या कलमात येईल.

४. बँकेत असेल ते भाच्याला. तू मला “आत्या, जग वाचवून झालं असेल तर दोन घास खा” असं म्हणायचास आणि मी तोंड वाकडं करायचे. पण ताट वाढून समोर ठेवणारा तू एकटाच होतास, रे.

५. माझे राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचे अंगण, मी त्या मुलीला देते जी एके काळी माझ्या सहावीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसत असे. ती आता मोठी बाई आहे. बाजाराच्या मागे कपडे दुरुस्त करण्याचे दुकान चालवते. घर तिला का, हे सांगणे मला भाग आहे.

दरवर्षी मी एक तास घ्यायचे. मुलांनी एकमेकांची कॉलर उलटी करून गणवेशावरचे लेबल वाचायचे आणि ज्या हातांनी तो शिवला त्या माणसाला पत्र लिहायचे. लेबलावर कुठल्याशा लांबच्या शहरातल्या कंपनीचे नाव असे. शिवणारे हात तिकडे लांबच असणार, असं मुलांना वाटे. मलाही तसंच वाटे. पत्रं मात्र कुठेच जात नसत, माझ्या कपाटात राहत.

ती सहावीत होती त्या वर्षी मुलांनी छान लिहिलं. ‘प्रिय काकू, तुम्ही खूप गरीब असाल. तुमची मुलं शाळेत जातात का?’ असं. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने फक्त एक ओळ लिहिली होती: ‘आई, आज लवकर ये, धाकटा तुझ्याशिवाय झोपत नाही.’

मी तिला उभं केलं. “काय गं, लक्ष कुठे असतं तुझं? आईला नाही लिहायचं, गणवेश शिवणाऱ्या बाईंना लिहायचं आहे!” मी ती ओळ वर्गाला वाचून दाखवली. वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसले. खाली लाल शाईने लिहिलं, ‘विषय समजलेला नाही.’ ती खाली बसली.

बाकीच्या पत्रांचं प्रदर्शन झालं, पाहुणे आले, माझ्या कामाचा गाजावाजा झाला. त्यानंतर ती मुलगी शाळेत आलीच नाही. महिन्याभराने तिची आई दाखला न्यायला आली. आमच्या लेखनिकांनी फॉर्म भरताना व्यवसाय विचारला. ती म्हणाली, “शिवणकाम. तुमच्याच शाळेचे गणवेश शिवते मी, मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये. पोरगी शाळेचं नाव काढू देत नाही. का, ते सांगत पण नाही.”

लेखनिकांनी मला हे सांगितलं. लेबल लांबचं होतं, पण त्या शेडचा पत्रा माझ्या वर्गाच्या खिडकीतून दिसायचा. विषय मला समजलेला नव्हता. मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी जायला हवं होतं. दोन गल्ल्या, दहा मिनिटांचा रस्ता! पण त्या आठवड्यात माझा तो तिसऱ्या कलमातला सन्मान होता, भाषण लिहायचं होतं. मग परीक्षा आल्या, मग सुट्टी. खरं कारण असं की मला लाज वाटत होती आणि पाय निघत नव्हता. ती मुलगी अकराव्या वर्षी आईच्या शेजारी काज करायला बसली आणि मी तोच तास आणखी दहा वर्षं घेतला.

गेल्या वर्षी मी तिचं दुकान शोधून काढलं. कोटाची बाही आखूड करायची आहे, असं सांगून गेले. तिने माप घेतलं, टाचण्या लावल्या आणि म्हणाली, “हात जरा सैल सोडा.” ओळखलं की नाही, कळलं नाही. चार वेळा गेले, चारही वेळा बाहीबद्दल बोलून परत आले. तेव्हा निदान कागदावर लिहिते: पोरी, चूक माझी होती. तुझं पत्र त्या वर्गातलं एकमेव खरं पत्र होतं.

६. माझ्यासाठी शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर पाण्याच्या बाटल्या वाटू नयेत.

इथवर लिहून झाल्यावर मी त्याच लेखनिकांना साक्षीला बोलावलं. ते वाचून चिडले. “बाई, मेल्यावर माफी मागणार होय? मग ती भांडणार कोणाशी, तुमच्या फोटोशी?” आणि मी नको नको म्हणत असताना उठून गेले व तिला घेऊन आले.

तिने हे सगळे कागद माझ्या जेवणाच्या टेबलापाशी उभ्याने वाचले. मी बस म्हटलं, बसली नाही. मी हात जोडले तर म्हणाली, “असं नका करू.”

शेवटी लेखनिक म्हणाले, “दुसरा साक्षीदार हवा. शेजारीण चालायची नाही, तिला डबे दिलेत. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीची सही केली, की त्याचं ते जातं.”

“जातं म्हणजे?” तिने विचारलं.

“म्हणजे मिळत नाही. वाटा रद्द.”

“आणा इकडे पेन.”

मी म्हटलं, “अगं, घर जाईल तुझं!”

“कळलं मला, बाई. आई जिवंत होती तेव्हा यायला हवं होतंत. ती विचारायची, पोरीचं काय चुकलं म्हणून. आता घर घेऊन तिला काय सांगू? पण असं घडलं होतं, हे कुठेतरी लिहिलेलं राहू दे. सही मी करते.”

तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. कलम पाच मी खोडत नाही. घर कायद्याने जिकडे जायचे तिकडे जावो.

माझी सही, दोन्ही साक्षीदारांच्या समोर केलेली:
(सही) निवृत्त शिक्षिका

साक्षीदार पहिले: (सही) शाळेचे निवृत्त लेखनिक

साक्षीदार दुसरी: (सही) व्यवसाय शिवणकाम, शिक्षण सहावी अपूर्ण.
सगळं वाचलं. असंच झालं होतं.

ठिकाण: वर लिहिलेले राहते घर
दिनांक: या महिन्याची नऊ तारीख, मंगळवार, सकाळी अकरा