निगडखारच्या बांधावरचे सात दगड

१५ सप्टेंबर १९८९, शुक्रवार. रोहा

नवं गाव, नवी नोकरी, म्हणून नवी वही. कंपनीतल्या पहिल्या आठवड्यात एकदाही शिव्या खाल्ल्या नाहीत, हे आधी लिहून ठेवतो. फिटरचं काम सोलापुरात होतं तसंच. फक्त इथं बोल्ट लवकर गंजतात आणि माणसं उशिरा रागावतात. कुंडलिका नदीच्या पलीकडे खोलीही मिळाली. मालू महिनाअखेर येईल. सातवा महिना आहे. तिला आई नाही, त्यामुळे बाळंतपण इथंच करायचं ठरलंय.

एवढ्या लांबची नोकरी मी का धरली, हे तिलाच ठाऊक. आजोबा सखा पेणकडून पळून सोलापूरच्या गिरणीत आले. गाव कोणतं, बाप कोण, मरेपर्यंत बोलले नाहीत. विचारलं की ताटावरून उठायचे. वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत आजोबांच्या हातचं एक चिठोरं सापडलं: ‘गोविंदा. निगडखार. बाहेरचा बांध.’ बस, एवढंच. लोकांना घराण्याच्या सात पिढ्या तोंडपाठ असतात आणि मी तिसरीलाच अडखळतो. पोर जन्माला यायच्या आत त्याला गाव मिळवून देणारच!

१७ सप्टेंबर, रविवार

सापडलं! निगडखार सापडलं!

कासूला उतरून तासभर खाडीच्या दिशेने चाललो. दोन्हीकडे भात पोटरीला आलेलं, आणि पुढे सगळ्या शेताला कवेत घेणारा मातीचा उंच बांध. पलीकडे खाडी. बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि तीन वर्षं गवतसुद्धा उगवत नाही, असं वाटेत एकाने सांगितलं. बांधात पाणी सोडायची-अडवायची लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ती राखणारे हैबतराव सत्तरीचे, अंगाने काटक, तोंडात सतत तंबाखू.

मी सखाचा नातू म्हटल्यावर त्यांनी तंबाखू थुंकली आणि बराच वेळ माझ्या हातांकडे बघितलं. “सखाचा नातू हायस व्हय? हात बी तेच हायत,” म्हणाले. मग चहा पाजला. गोविंदा सखाचा बाप, हेही त्यांच्याकडूनच कळलं. त्याचं घर कुठं होतं विचारलं तर तिथं आता चिंच आहे. बाहेरच्या बांधावर मात्र एका ओळीत सात काळे दगड उभे होते, कमरेइतके. तुझ्या आज्यापणज्यांनी लावले, एवढंच म्हणाले. दगडांकडे बघायचंही त्यांनी टाळलं. आमच्यात तर जाळतात, मग ही थडगी कशी, असं मी विचारलं. बांधावरचा रिवाज वेगळा, म्हणाले. गाडीची वेळ झाली असं तीनदा सांगून त्यांनी मला जवळजवळ हाकललंच. त्यांच्या बायकोची, धोंडुबाईंची, गाठ पडली नाही. त्या गागोद्याला लेकीकडे गेल्यात.

परतताना गाडीत मी चक्क रडलो. चौतीस वर्षांचा घोडा, पण रडू आलं. माझ्या माणसांना दगड आहेत, जागा आहे! मालूला लगेच पत्र टाकलं: सर्वपित्रीला, २९ तारखेला, दुपारच्या गाडीने ये आणि कासूलाच उतर. मी न्यायला येतो. आपल्या माणसांच्या पाया पडू, मग रोह्याला जाऊ.

२४ सप्टेंबर, रविवार

पितृपंधरवडा चालू आहे, हे काय योगायोगाने? पेणच्या बाजारातून काळे तीळ आणि दर्भ घेतला, तांब्या घरचा. तिथीबिथी पाहिली नाही. सुटीचा वार तीच माझी तिथी. हैबतराव पेणला गेले होते, त्यामुळे अडवायलाही कोणी नव्हतं.

प्रत्येक दगडापुढे उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, मी कमळाकर, महिपतीचा मुलगा, सखाचा नातू, गोविंदाचा पणतू, हे पाणी तुम्हाला पोचो. मंत्र येत नाहीत, नावं तरी नीट घेतली. सात वेळा. दगडावरून पाणी खाली ओघळायला हवं होतं. एक थेंब ओघळला नाही. सगळं दगडाच्या बुडाशी आत गेलं आणि आतून घोट घेतल्यासारखा आवाज आला.

शेवटचा, सातवा दगड हलत होता. नीट बसवावा म्हणून बुडाची माती उकरली. हाताला जबडा लागला. माणसाचा. दातांत घट्ट माती ठासलेली. आपोआप भरते तशी नव्हे, मुठीने ठासलेली. खाली काथ्याचा दोर आणि त्यात मनगटाची दोन हाडं. मी माती परत लोटली, हात खाडीत धुतले आणि पळत स्टेशन गाठलं.

आपल्या मेलेल्या माणसाचे हात कोण बांधतं?

२६ सप्टेंबर, मंगळवार

पहिल्या शिफ्टवरून साडेतीनला खोलीवर आलो. कुलूप जसंच्या तसं. आत जमिनीवर खाडीचा काळा चिखल. पावलं नव्हती. हातांचे पंजे होते आणि मागे दोन-दोन लांब चऱ्या, पाय फरफटत नेल्यासारख्या. मालूसाठी घेतलेली नवी गादी फाडून तिच्यात चिखल ठासला होता. भिंतीवरच्या तिच्या फोटोची काच फोडून पोटाच्या जागी बोटाने भोक पाडलेलं.

घरमालकिणीची मांजर मोरीतल्या चिखलात उभी रोवलेली होती. मेलेली. चारही पाय मोडलेले, तोंड चिखलाने भरलेलं. आम्ही दोघांनी मिळून ती पुरली. मालकीण रडत होती.

२७ सप्टेंबर, बुधवार

रजा टाकून निगडखारला गेलो. हैबतरावांची म्हैस बांधात गळ्यापर्यंत उभी पुरलेली होती. जिभेच्या जागी माती. धोंडुबाई परत आल्या होत्या. मी दगडांपाशी काय केलं ते सांगताच त्यांनी माझ्या थोबाडीत मारली.

“नाव घेतलंस? तितं हुबं ऱ्हाऊन? बापाचं, आज्याचं? आरं, ती तुजी मानसं नायत. तुज्या मानसांनी पुरलेली हायत!”

नंतर त्यांनी सगळं सांगितलं. बांध फुटला आणि कशानेच बुजेना की गाव गोविंदाच्या घराकडे यायचं. त्या घरचं ते कामच होतं. वाटेवरचा परका माणूस धरायचा, ज्याला कोणी शोधणार नाही असा. हात बांधायचे, ओरडू नये म्हणून तोंडात माती ठासायची, चढून येऊ नये म्हणून गुडघे फोडायचे. मग भगदाडात उभा करून माती ठोकायच्या धुमुसाने जिवंतपणीच वरून ठोकत जायचं. सात भगदाडं, सात माणसं. सातवी कासारीण होती, बांगड्या विकणारी. गरोदर, आठवा महिना. तिला आजोबांनी ठोकली. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. धुमुस तिथंच टाकून पळाले. मेलेल्यांना मारणाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं, म्हणून ती गप्प होती. ते नाव मी पोचवलं. पाण्यासकट, सात वेळा.

मालू परवा दुपारच्या गाडीने कासूलाच उतरणार आहे.

पेणहून सोलापूरला तार केली: येऊ नकोस.

२८ सप्टेंबर, गुरुवार

मेव्हण्याची उलट तार कंपनीत आली. मालू कालच निघाली, पुण्याला मावशीकडे मुक्काम, तिथून पनवेल. मावशीचा पत्ता मला ठाऊक नाही. पुन्हा तार करून विचारावं तर मेव्हणा आजच नाशिकला निघतोय, असं तारेतच होतं.

परत निगडखार. हैबतराव गेले. उघाडीशेजारी उभे पुरलेले, डोकं तेवढं वर. डोळे उघडे. चौघांनी उकरलं तर गुडघे पाठीमागे वळले होते.  धोंडुबाईंनी नवऱ्याच्या तोंडातली माती बोटाने काढली, पदराने ओठ पुसले.

सहा दगड आडवे पडलेत. खाली भोकं. माती बाहेरच्या बाजूला फेकलेली—आतून. प्रत्येक भोकातून खाडी आत येतेय, भात काळं पडतंय. गावाने बायकापोरं कासूला हलवली.

सातवा दगड अजून उभा आहे.

२९ सप्टेंबर, शुक्रवार. सर्वपित्री

सकाळी नऊ. मालूला दुसऱ्या स्टेशनवर उतरवून काय उपयोग? माझ्या कुलूपबंद खोलीत ती बांधातली माणसं पोचली. सोलापूरलाही पोचतील. धोंडुबाईंची सासू म्हणायची, ज्या घराने पुरलं त्या घरचं माणूस आपल्या पायाने भगदाडात उभं राहिलं तर ती थांबतील. खात्री नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, दुपारच्या भरतीआधी करू.

आता त्यांना मावशी म्हणतो. त्या मला बाळा म्हणतात.

साडेअकरा. भगदाडात उभा आहे. कमरेपर्यंत माती. गुडघे मावशींनी धुमुसाने फोडले. आधी माफी मागितली, मग मारलं. पहिला फटका चुकला. हाडाचा आवाज—नको. हात मोकळे ठेवायला मी सांगितलं. वही आहे, पेन्सिल आहे. मालू, रागावू नकोस. पोराला माझं नाव सांगू नकोस. कुणाचंच सांगू नकोस.

बारा. छातीपर्यंत. भरती चढतेय. ती माणसं आली. चिखलातून, हातांवर. तोंडं मातीने बंद. एकाने माझा गाल चाचपला. एकाने बोटं मोजली. माझ्याभोवती बसली आणि एकेक करून खाली जातायत. खरंच जातायत! पाणी थांबतंय! मावशी रडतायत. एक, दोन—चौथा गेला—

सहा. सहा गेले.

सातवा दगड पडलाय. कधी? भोक रिकामं. मावशी, माती थांबवा. थांबवा—

चऱ्या बांधावरून खाली उतरल्यात. शेतातून. दोन पायांच्या, आणि मधे एक रुंद—पोटाची—

सरळ कासूकडे.

मला वर काढा. मावशी, हात द्या, पाय नाहीत, ओढा—कुणीतरी पळा—गाडी शिट्टी देतेय, मालू उतरू नकोस मालू उत