गळ्यातलं सोनं

६ जानेवारी १९८६
मुलुंडच्या प्रयोगशाळेतला पहिला दिवस झकास गेला! काम मजेचं आहे. दुपारी तीनला मिनिटभर भोंगा वाजतो, मग पलीकडच्या खोलीतलं यंत्र क्षणभर सूर्यासारखा प्लाझ्मा पेटवतं. त्यातल्या न्यूट्रॉननी जवळ ठेवलेली इंडियमची चकती किरणोत्सारी होते. ती शिशाच्या डब्यात ठेवून मी तिचे गॅमा किरण मोजायचे, की प्लाझ्मा किती पेटला ते कळतं. चकती खोटं बोलत नाही, म्हणाले आमचे प्रमुख मार्तंडसर. मधे तीन फुटी भिंत, तिच्यात जाड काच. आत कुणी नाही ना, हे पाहून शिपाई लवूकाका बाहेरून कुलूप लावतात.
आधी हे काम नलिनी करायची. ती गेली, म्हणाले सर. चांगली नोकरी मिळाली असेल.
मला तिसरा महिना आहे, ते इथे सांगितलं नाही. भिंत आहे ना! कायम झाले की सांगेन.

९ जानेवारी
डबा रिकामा, तरी आलेखात ४१२वर शिखर. ते न्यूट्रॉन लागून किरणोत्सारी झालेल्या सोन्याचं. इथे सोनं कुठलं? अगं बाई, मंगळसूत्र! काढून लांब ठेवलं, शिखर गायब. भोंग्याच्या वेळी आत गेली होतीस का, म्हणून सर ओरडले. छे, मी खुर्चीतच होते.

१३ जानेवारी
सोन्याचे किरण तीन दिवसांत निम्मे व्हायला हवेत. दुप्पट झालेत, म्हणजे रोज नव्याने न्यूट्रॉन लागताहेत.
मंगळसूत्र घरी ठेवते म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, उद्या पहिली संक्रांत, गळा ओका नको. बरं म्हटलं. हल्ली मला कशाचंच काही वाटत नाही.

१५ जानेवारी
लवूकाकांना विचारलं, तीनला मी कुठे असते. तुमी तर थंयच बसान असतास, म्हणाले, खुर्चीत पाठमोऱ्या, केस सोडून.
मी केस सोडत नाही. वेणी असते.
त्यांनी माझ्या वेणीकडे पाहिलं. मग म्हणाले, नलिनीबाई सोडायच्या. म्हणजे ती गेली ती नोकरी सोडून नव्हे. भोंग्याच्या वेळी आत राहिली. कुलूप बाहेरून.

१६ जानेवारी
सरांना सगळं सांगितलं, पोटातलंही. उद्यापासून येऊ नकोस, आजचं तेवढं मोज, म्हणाले.
पदर खुर्चीला बांधलाय. तीनला दोन मिनिटं आहेत. लिहीत राहते, म्हणजे कळेल मी इथेच —
भोंगा.
गरम होतंय. समोर भिंतीतली जाड काच. पलीकडे माझी खुर्ची — पाठमोरी बाई — केस सोडलेले. खुर्चीला पदराचा तुकडा.
वही पोटावर धरलीय. लवूकाका, कुलूप काढा, आम्ही दोघं आत —